डावा घोटा आधी

सतरा मोसम मी त्याच्या पायांशी बसलो.
आठवडाभर बंदरावरच्या गोदामात लोकरीचे गठ्ठे मोजायचे
आणि शनिवारी सकाळी कात्री, टेप, चोळायचं तेल.
क्लबात माझं काम एवढंच.
डावा घोटा आधी, मग उजवा.
चुकून उजव्याला हात घातला
तर कॉलम ट्रेगोवन पाय मागे घ्यायचा, न बोलता,
नाल ठोकताना घोडा घेतो तसा.

अठराव्या वर्षी आला मॅलीतून,
जिथे गव्हाचा एक सायलो, एक पब,
आणि मिठागर झालेल्या तळ्याकाठी एक लंबगोल मैदान,
गवतापेक्षा काटे जास्त.
अनवाणी खेळून खेळून चामडं झालेले तळवे.
पहिल्याच दिवशी चिमट्यानं मी एक जुनाट काटा धरला.
म्हणाला, "राहू दे, क्लॅरी. गावचा आहे."

माणसाचे पाय जमिनीवर असावेत, म्हणतात.
ह्याचे नसत.
चेंडू उंच आला की खाली तीन-चार जणांची रेटारेटी
आणि हा कुणाच्या तरी पाठीवर गुडघा टेकून वर,
अजून वर,
जिथे खाडीवरून भरकटलेले दोन सीगल तेवढे.
चाळीस हजार माणसं झेल बघायची.
मी बघायचो, खाली कसा येतोय.

मग तो सप्टेंबर.
आम्ही दोन गुणांनी मागे, भोंगा वाजून गेलेला,
चेंडू त्याच्या हातात, शेवटची लाथ उरलेली.
कोन अवघड नव्हता. तेच वाईट.
उंच खांबांच्या मधून गेला तर सहा,
खांबाला लागला तर एक.

धप्प.

पांढऱ्या कोटातल्या पंचानं खांबावर हात आपटला,
एकच झेंडा हलवला.
आत कुणी चकार शब्द काढेना, कुणी शॉवर सुरू करेना.
मी टेप कापला.
कापलेला टेप पायाचा आकार सोडत नाही,
फरशीवर उभा राहतो,
बिनपायाच्या बुटासारखा.
"फेकून दे," तो म्हणाला.

दोन वर्षांनी मेडल.
टीव्हीवर एकेका फेरीची मतं, तीन, दोन, एक,
ट्रेगोवन, पुन्हा ट्रेगोवन,
भाड्याच्या सुटात अवघडून उभा.
भाषणात आईचं नाव घेतलं, कोचचं,
शाळेतल्या कुठल्याशा ननचंसुद्धा.
नॉरीननं टीव्ही बंद केला, म्हणाली, "बघ."
मी बघितलं. मंगळवारी सरावाला सगळ्यांच्या आधी आला,
बाकावर चढून बसला
आणि डावा पाय पुढे केला.

कपही आले, दोन.
त्यांचे फोटो बंदराजवळच्या प्रत्येक पबात आहेत.
मला त्यातलं फारसं सांगता येत नाही.
जिंकलेल्या दिवशी टेप मी कापलाच नाही,
नाचता नाचता त्यानंच ओरबाडून टाकला.

तीनशे तीन सामने.
शेवटचा चिखलात, तळाच्या संघाकडून हरलेला.
उजवा घोटा तोवर पाऊस आदल्या दिवशी सांगायचा.

गेल्या वर्षी मैदानाबाहेर त्याचा पुतळा बसवला.
कापड ओढलं, टाळ्या झाल्या, मुलं चौथऱ्यावर चढली.
कांस्यातला तो हवेत, हात चेंडूवर,
आणि घोटे बारीक, नाचणाऱ्या पोरीचे असावेत तसे,
टेपचा पत्ता नाही.
तो काठी टेकत माझ्या खुर्चीजवळ आला,
कानाशी वाकून म्हणाला,
"ह्या घोट्यांवर तू मला दाराबाहेर सोडलं नसतंस."

नसतंच.

त्याला सांगितलं नाही अजून,
तो खांबाच्या दिवसाचा टेप मी फेकला नव्हता.
गॅरेजात आहे, बिस्किटांच्या डब्यात, चहाच्या रंगाचा झालाय.
परवा झाकण काढलं
तर डाव्यात एक कोळीण, पांढरी अंडी पोटाशी धरून.
उजवा रिकामा.
झाकण लावलं, थोडी फट ठेवून.